पायावरचा भादरलेला चौकोन

जाहिरातीत लिहिलं होतं: मांजर, मादी, आठ वर्षं, शांत, निरोगी, घरात बाळ आल्यामुळे द्यायची आहे. सोबत दहा दिवसांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट. क्रिएटिनिन (किडनी दुबळी झाली की रक्तात साठणारा घटक) २.३, शेजारी छापलेली मर्यादा २.४, म्हणजे कुठेही लाल अक्षर नाही. घेणाऱ्या कुटुंबाने तो रिपोर्ट मागून घेतला, नीट वाचला, आणि आतापर्यंतच्या देखभालीचा खर्च म्हणून मागितलेली रक्कमही दिली. नवव्या दिवशी मांजरीने खाणं सोडलं. पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसायची, पण प्यायची नाही. तोंडाला अमोनियासारखा उग्र वास यायला लागला. नव्या तपासणीत क्रिएटिनिन ४.६ निघालं, बुबुळांवर म्हातारपणाचे काळपट चट्टे दिसले आणि कातडीखालच्या ओळख-चिपची नोंद काढल्यावर कळलं की ती नोंदच बारा वर्षांपूर्वीची आहे. देणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता.

खूण मात्र पहिल्या दिवसापासून मांजरीच्या अंगावर होती. पुढच्या डाव्या पायावर, पंजाच्या वर आणि कोपराच्या खाली, दोन बोटं रुंदीचा एक चौकोन. त्यात केस मखमलीसारखे एकसारखे आखूड, आणि कडा सरळ. विचारल्यावर उत्तर मिळालं, "तिथे काहीतरी चावलं होतं, म्हणून चाटून चाटून केस गेले." चाटून गेलेल्या केसांची कड वेडीवाकडी असते, केस तुटके-बोचरे लागतात, मधून कातडी दिसते. सरळ कड मशीनचीच. पायावर मशीन फिरवतात ते बहुतेक वेळा सलाईनची सुई लावायला. असाच चट्टा गळ्यावर असेल तर तिथून रक्त घेतलेलं असतं किंवा नळी घातलेली असते. पोटावर असेल तर सोनोग्राफी किंवा ऑपरेशन. केस पुरते भरून यायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, त्यामुळे अंगावरून सावकाश उलटा हात फिरवला तरी गेल्या काही आठवड्यांचा इतिहास बोटांना लागतो. भादरलेला चट्टा असणं हा काही गुन्हा नव्हे. त्याचं खरं कारण कोणी सांगत नसेल तर मात्र पुढे जाऊ नये.

आता तो रिपोर्ट खोटा होता का? नव्हता, आणि या फसवणुकीत खरं कौशल्य तिथेच आहे. किडनी दुबळी झालेल्या मांजरीला दोन-तीन दिवस शिरेतून सलाईन दिलं की अंगातलं पाणी भरून निघतं आणि क्रिएटिनिन, युरिया खाली येतात. त्या उताराच्या तळाशी रक्त काढलं की कागद स्वच्छ. सलाईन थांबलं की आठवडाभरात आकडे पुन्हा चढतात. म्हणून रिपोर्टवरचे आकडे वाचण्याआधी नमुना घेतल्याची तारीख वाचा आणि त्याआधीच्या आठवड्यात काय उपचार झाले ते विचारा. लघवीच्या घनतेवरूनही किडनीचा अंदाज येतो, क्रिएटिनिन वाढलेलं असताना मांजरीत १.०३५ च्या खाली आणि कुत्र्यात १.०३० च्या खाली घनता आली की शंका घ्यायचीच. पण सलाईन चालू असताना लघवी पातळच येते, म्हणून ही तपासणीही सलाईनच्या आधीचीच कामाची.

दुसरी मेख त्या छापील मर्यादेत आहे. लॅबची यंत्रं २.४ पर्यंत सगळं ठीक म्हणतात, पण किडनीच्या आजाराचे जे टप्पे जगभर वापरले जातात त्यांत मांजरीचा दुसरा टप्पा १.६ ला सुरू होतो, तिसरा २.९ ला आणि चौथा ५.० च्या वर. कुत्र्यात दुसरा टप्पा १.४ पासूनच. म्हणजे २.३ हा आकडा आधीच दुसऱ्या टप्प्यात होता. त्यात म्हाताऱ्या मांजरीच्या पाठीचे, मांड्यांचे स्नायू झडलेले असतात आणि क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होतं, म्हणून हाडांवर कातडी राहिलेल्या जनावराचा आकडा मुळातच कमी दिसतो. एसडीएमए ही किडनीसाठीची दुसरी रक्ततपासणी स्नायूंवर तितकी अवलंबून नाही, ती मागून घ्या. थायरॉईड वाढलेलं असेल तर किडनीतून रक्त जोरात फिरतं आणि आजार झाकला जातो, म्हणून भरपूर खाऊनही वाळत चाललेल्या मांजरीची टी४ (थायरॉईडची रक्ततपासणी) बघितल्याशिवाय किडनीच्या चांगल्या रिपोर्टवर विसंबू नये.

कुत्र्यांच्या बाबतीत हेच काम स्टेरॉइड करतं. कंबर किंवा मणका गेलेला, जागेवरून उठायला कण्हणारा म्हातारा कुत्रा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या तीन-चार दिवसांच्या गोळ्यांवर व्हिडिओत शेपूट हलवत चालून दाखवतो. हळूहळू सुटणारं इंजेक्शन दिलेलं असेल तर परिणाम काही आठवडे टिकतो, म्हणजे दत्तक घेण्याची गडबड संपेपर्यंत सगळं छान. अशा कुत्र्याला अघोरी भूक असते, पाणी फार पितो, घरात मुततो, गारव्यातही धापा टाकतो. रक्तात एएलपी हे एन्झाइम चढलेलं, पांढऱ्या पेशींतले न्यूट्रोफिल वाढलेले आणि लिम्फोसाइट घटलेले दिसले तर स्टेरॉइडबद्दल थेट विचारा. हे लपवण्यात किती धोका आहे ते देणाऱ्यांनाही अनेकदा कळत नसतं. इंजेक्शनचा असर ओसरू लागला की कुत्रा पुन्हा लंगडतो, नवे मालक त्याला नव्या डॉक्टरकडे नेतात, डॉक्टर बिचारे काहीच माहीत नसल्याने मेलोक्सिकॅमसारखं वेदनाशामक लिहून देतात. स्टेरॉइड अंगात असताना ते पडलं की जठराला, आतड्याला जखमा होतात, डांबरासारखी काळी शी येते, आणि कुत्रा रक्त जाऊन मरू शकतो.

आम्ही म्हातारी आणि आजारी जनावरं सांभाळून त्यांना घर मिळवून देण्याचं काम करतो, आणि आमच्या मते या साऱ्या व्यवहारात सगळ्यात घातक खोटं औषधांबद्दलचं असतं. वय चार वर्षांनी कमी सांगितलं तर मन दुखावतं, पण जनावर जगतं. चालू औषध लपवलं तर ते हस्तांतराच्या दिवशीच बंद पडतं. फिटसाठी फिनोबार्बिटॉल घेणारा कुत्रा अचानक गोळी थांबल्यावर न थांबणाऱ्या झटक्यांत जाऊ शकतो. हृदयासाठी फ्युरोसेमाइडवर असलेल्या कुत्र्याचं ते औषध तुटलं की फुप्फुसात पाणी भरतं. मधुमेही मांजर इन्सुलिनविना काही दिवसांतच ओकाऱ्या करत कोलमडते. महिनोन्‌महिने घेतलेलं प्रेडनिसोलोन एकदम तोडलं तर शरीराला स्वतःचं स्टेरॉइड वेळेवर बनवता येत नाही आणि जनावर गळून पडतं.

म्हणून "काही आजार आहे का" असं विचारूच नका, त्याचं उत्तर "नाही" एवढंच येतं. विचारा, "गेल्या चौदा दिवसांत हिच्या पोटात आणि कातडीखाली काय काय गेलं?" आणि रिकाम्या स्ट्रिपा, बाटल्या समोर ठेवायला सांगा. इन्सुलिन असेल तर बाटली आणि सिरिंज दोन्ही ताब्यात घ्या. ४० युनिटची (म्हणजे दर मिलीत ४० युनिट असलेली) बाटली आणि १०० युनिटची सिरिंज अशी गल्लत झाली तर डोस अडीच पट कमी पडतो. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज झाली तर अडीच पट जास्त जातो, आणि तो एकच डोस जीव घेऊ शकतो.

वयाचं खोटं पकडणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. कुत्र्याचे पक्के दात सातव्या महिन्यापर्यंत येतात, त्यापुढे दातांवरून जे सांगतात तो अंदाज, आणि दात साफ करून घेतले तर तोही चुकतो. सातेक वर्षांनंतर कुत्र्याच्या डोळ्यांत दोन्हीकडे सारखी निळसर धूसर झाक येते. मोतीबिंदू तो नव्हे, कुत्र्याला दिसत असतं आणि ऑपरेशन लागत नाही. (याच झाकेचे फोटो टाकून "मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी" पैसे गोळा करणारेही आहेत.) भक्कम पुरावा कागदांत सापडतो. चिपचा क्रमांक १५ आकडी असतो, स्कॅनर खांद्यांच्या मध्ये फिरवा आणि तिथे नाही लागला तर मान, छाती, पुढचे पाय असा सगळीकडे फिरवा, कारण चिप सरकते. नोंदणीच्या तारखेपेक्षा जनावर लहान असूच शकत नाही. क्रमांक लसीच्या कार्डावर, रिपोर्टवर आणि करारावर तोच हवा. लसीच्या कार्डावर बाटलीवरून काढून चिकटवलेलं लेबल असतं, त्यावर बॅच आणि मुदत असते. २०१९ ला दिलेल्या लसीची मुदत २०२६ असूच शकत नाही. पाच वर्षांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात, पान एकदाही न चुरगळता लिहिलेल्या असतील तर ते कार्ड एका बैठकीत भरलेलं आहे.

ताब्यात घेण्याआधी स्वतः निवडलेल्या डॉक्टरकडे तपासणी करा. तिथे वजन, रक्त, लघवी आणि मांजर असेल तर बीपी एवढं किमान करून घ्या. जुन्या डॉक्टरांचा नंबर देणाऱ्याने दिलेला वापरू नका, दवाखान्याचा नंबर आपण शोधा. डॉक्टर मालकाच्या परवानगीशिवाय फाईल देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, म्हणून देणाऱ्याला तुमच्या समोरच फोन लावून परवानगी द्यायला सांगा. प्रामाणिक माणसाला यात पाच मिनिटं जातात. "ते डॉक्टर बदलून गेले", "फाईल भिजली", "आमच्यावर विश्वास नाही का" अशी उत्तरं येऊ लागली तर थांबा. घरी एक रात्र ठेवून घ्यायला मिळाली तर दोन गोष्टी मोजा. गाढ झोपेतले श्वास ३० सेकंद मोजून दुप्पट करा, ३० च्या वर सतत येत असतील तर हृदय किंवा फुप्फुस बघायला हवं. पाणी मोजून ठेवा आणि २४ तासांनी उरलेलं वजा करा. चार किलोची मांजर २०० मिलीच्या पुढे पीत असेल, किंवा कुत्रा किलोमागे १०० मिलीच्या पुढे, तर कारण शोधल्याशिवाय करारावर सही करू नका.

करारात तीन आठवड्यांची चाचणी मुदत, त्या काळात परत घेण्याची हमी आणि ज्ञात आजार-औषधांची यादी लिहून घ्या. यादी कोरी असेल तर "कोणतंही औषध चालू नाही" हे वाक्य हाताने लिहून त्यावर सही घ्या. फसवणारे नेमके इथे अडखळतात.

जनावराच्या उपचारांच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्यांबद्दल थोडक्यात. दवाखान्याच्या खात्यात थेट पैसे भरू देत नाहीत आणि केस नंबर सांगत नाहीत, तिथे देऊ नका. आजाराची घाई आणि पोस्टची घाई जुळते का तेही बघा. पोट पिळवटलेल्या कुत्र्याला काही तासांत टेबलावर घ्यावं लागतं, गर्भाशयात पू झालेल्या कुत्रीलाही वाट बघता येत नाही. त्याच ऑपरेशनसाठी तिसऱ्या आठवड्यातही "उद्या शेवटचा दिवस" चालू असेल तर ऑपरेशन एक तर झालेलं आहे किंवा होणारच नव्हतं. एक्सरेवर जनावराचं नाव, तारीख आणि डावी-उजवी बाजू उमटलेली असते, ती कापलेला फोटो पुरावा धरू नका. पाठवणीच्या नावाखाली आधी डिपॉझिट, मग पिंजऱ्याचे, मग विम्याचे, मग वाटेत अडकल्याचे पैसे मागणाऱ्यांकडे बहुधा जनावरच नसतं. थेट व्हिडिओ कॉल करून त्याला डावीकडे वळवून दाखवायला सांगितलं की बोलणं संपतं.

फसवणूक झाल्यावर पहिले दोन दिवस महत्त्वाचे. जाहिरात काढून टाकायच्या आत तिचे, संभाषणाचे, पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट घ्या. सोनोग्राफी करून घ्या आणि डॉक्टरांकडून लेखी मागा: किडन्या आक्रसलेल्या, खडबडीत असतील तर तो बदल नऊ दिवसांत होत नाही, आजार आधीपासून होता हे त्यातून सिद्ध होतं. बँकेला आणि पोलिसांना लगेच कळवा. जनावराला मात्र रागाच्या भरात सोडून देऊ नका, नव्या मालकालाही अंधारात ठेवून देऊ नका. आपल्याकडे जमत नसेल तर खरं सांगून द्या. आजारी म्हाताऱ्या जनावराला कोणी घेणार नाही या भीतीनेच बरेच लोक पहिलं खोटं बोलतात. पण शिकवलं तर सुई टोचायला तयार होणारी माणसं आहेत, त्यांना फक्त आधी कळायला हवं असतं. त्या मांजरीची जाहिरात अशीही लिहिता आली असती:

"मांजर, मादी, चिपवरून किमान १२ वर्षं. किडनीचा आजार, सलाईनच्या आधीचं आणि नंतरचं क्रिएटिनिन दोन्ही रिपोर्टसह. आठवड्यातून तीनदा कातडीखाली १०० मिली सलाईन लागतं, सुई टोचताना हलत नाही. किडनीचा खास आहार, कोमट करून दिला तरच खाते. डॉक्टरांशी बोलून घ्या, परवानगी दिलेली आहे. नाही जमलं तर कधीही परत आणा."