'कर्ता ओळखा' सरावपुस्तिका: घेण्याआधी उत्तरसूची उघडा

कर्ता ओळखायला शिकवणाऱ्या सरावपुस्तिका वरवर चाळल्या तर सगळ्या सारख्याच वाटतात. खरा फरक उत्तरसूचीत असतो, म्हणून आधी तीच पाहावी.

जवळजवळ सगळ्यांची भिस्त एका युक्तीवर असते: धातूला 'णारा' लावा आणि 'कोण?' विचारा. 'तिने कविता वाचली.' वाचणारी कोण? ती. युक्ती खोटी नाही, पण तिच्यातून फक्त क्रिया करणारा सापडतो. क्रियापद कोणाच्या तालावर चालते, हे त्यातून कळत नाही. 'तिने धडा वाचला' म्हटले की कर्ता तोच राहतो आणि क्रियापद बदलते, कारण ते कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. म्हणून 'कर्ता कोण' आणि 'क्रियापद कोणाप्रमाणे' असे दोन वेगळे रकाने असलेली पुस्तिका निवडावी. एकाच रकान्यात दोन्ही कोंबले की मूल कर्तरी (क्रियापद कर्त्याप्रमाणे) आणि कर्मणी (क्रियापद कर्माप्रमाणे) या प्रयोगांत कायमचे अडकते.

आता उत्तरसूचीत ही वाक्ये शोधा.

'उजाडले.' इथे कर्ता 'दिवस' असे छापले असेल तर पुस्तिका परत ठेवा. 'दिवस' कर्ता असता तर क्रियापद 'उजाडला' झाले असते. 'उजाडले', 'मळमळते' ही भावकर्तृक क्रियापदे. क्रियेचा भाव हाच त्यांचा कर्ता.

'मला थंडी वाजते.' घाईत 'मला' लिहिले जाते. जाणवते मला हे खरे, पण 'ताप' आणि 'थंडी' आलटून पाहा: मला ताप आला, मला थंडी वाजली. क्रियापद त्यांच्यामागे जाते, 'मला'मागे नाही. म्हणून इथे कर्ता 'थंडी'.

'मी कविता वाचली.' सर्वांत फसवे वाक्य हेच. 'मी'ला 'ने' लागलेला दिसत नाही, म्हणून मुले प्रथमा (प्रत्यय नसलेली विभक्ती) समजून 'कर्तरी' लिहितात; प्रयोग मात्र कर्मणी. 'मी'च्या जागी 'त्याने' ठेवून पाहायला सांगणारी पुस्तिका इथे बाजी मारते. 'तू कविता वाचलीस' हे त्याहून गुंतागुंतीचे: 'ली' कर्माकडून आलेली, 'स' कर्त्याकडून. याला कर्तृकर्मसंकर म्हणतात. प्राथमिक पातळीच्या पुस्तिकेत तो नसला तरी चालेल. वरच्या पातळीच्या पुस्तिकेत नसेल तर ती अपुरी.

'ती धडा शिकली.' क्रियापद सकर्मक, काळ भूत, तरीही 'ने' नाही आणि प्रयोग कर्तरी. 'विसरणे', 'बोलणे' यांचेही तसेच. 'सकर्मक भूतकाळ म्हणजे कर्मणी' असा नियम चौकटीत छापणाऱ्या पुस्तिकेत हा अपवाद आहे का ते बघा, बऱ्याचदा नसतो.

'त्याचे पत्र लिहून झाले' (कर्ता षष्ठीत, म्हणजे 'चा-ची-चे' लागलेला), 'घरी जा' (कर्ता अध्याहृत, म्हणजे न सांगता गृहीत धरलेला) आणि 'पोहणे चांगले' (धातुसाधित नाम कर्ता) यांना अर्धे पान पुरते. 'तो वेळेवर आला हे बरे झाले' यात अख्खे नामवाक्य (नामाचे काम करणारे वाक्य) कर्त्याच्या जागी बसते. ते मात्र वाक्यपृथक्करणाच्या प्रकरणात असणेच बरे.

शेवटी सरावाची मांडणी पाहा. एका पानावर वीसही वाक्ये कर्मणीचीच असतील तर पहिल्या तिनानंतर मूल वाचायचे थांबते आणि ठोकताळ्याने लिहिते. प्रकार मिसळलेली दहा वाक्ये आणि प्रत्येक उत्तरापुढे एका ओळीचे कारण असेल, तर पाने कमी असली तरी तीच पुस्तिका घ्या.