चुका कशा दाखवाव्यात शिकवणारा कोर्स केला, आता कोर्सच्याच चुका दाखवते (साडेतीन स्टार)

आधीच सांगते, मी धम्माची अभ्यासक वगैरे नाही. बोलून माणसं तोडण्यात मात्र माझा हात कुणी धरणार नाही. धाकट्या बहिणीने नोकरी सोडल्याचं सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं तर "मी तुला आधीच म्हटलं होतं". त्यानंतर तीन महिने ती माझ्याशी फक्त हो-नाही एवढंच बोलत होती. म्हणून हा कोर्स लावला. चार रविवार, दीड दीड तास, ऑनलाइन, विषय बौद्ध दृष्टीने टीका आणि सल्ला. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मला इथे भांडण नकोय.

पहिला रविवार छान गेला. बुद्धांचे प्रमुख शिष्य सारिपुत्त भिक्खूंना सांगतात की दुसऱ्याला त्याची चूक दाखवायची असेल तर आधी स्वतःशी पाच गोष्टी पक्क्या कर: योग्य वेळी बोलेन, खरं तेच बोलेन, मऊ शब्दांत बोलेन, त्याच्या भल्याचं बोलेन, आणि मनात द्वेष नाही तर मैत्री ठेवून बोलेन. अंगुत्तर निकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या एका जुन्या पाली संग्रहात, आहे हे. ऐकायला सोपं, पण मी तिथेच अडकले, कारण आजवर मला वाटायचं की गोष्ट खरी आहे ना, मग बोलायचं लायसन्स मिळालं. इथे खरेपणा पाचातला फक्त एक! पाचवी तर अशी की बाहेरून कुणालाच तपासता येत नाही, मी हसून गोड आवाजात बोलले तरी आतून हिशोब चुकता करत असेन तर ते मला एकटीलाच माहीत.

दुसरा रविवार या कोर्सची जान आहे. अभय राजकुमाराची गोष्ट. त्याला बुद्धांकडे एक पेच घेऊन पाठवलेलं असतं, की तुम्ही दुसऱ्याला न आवडणारं बोलता का? हो म्हणाले तर मग सामान्य माणसात आणि तुमच्यात फरक काय, नाही म्हणाले तर देवदत्ताला (संघात फूट पाडणारा त्यांचा नातलग भिक्खू) जे कडू बोललात ते काय होतं. तेव्हा अभयाच्या मांडीवर त्याचं तान्हं बाळ असतं. बुद्ध उलट विचारतात, याने तोंडात काडी नाहीतर खडा घातला तर काय करशील? तो म्हणतो, काढेन, सहज नाही निघाला तर एका हाताने डोकं धरून दुसऱ्या हाताचं बोट वाकवून काढेन, रक्त आलं तरी, कारण मला त्याची दया आहे. मग बुद्ध प्रकार सांगतात. खोटं आणि निरुपयोगी, नाही बोलायचं. खरं पण निरुपयोगी, तेही नाही, ऐकणाऱ्याला कितीही गोड लागो (माझे अर्धे मेसेज इथेच गेले). खरं आणि हिताचं असेल तर बोलायचं, समोरच्याला कडू लागलं तरी, पण वेळ बघून. आणि आवडणारं असलं तरी वेळ बघूनच! म्हणजे कौतुकालासुद्धा वेळ असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

इथे शिकवणाऱ्या सरांनी हातातली संधी घालवली. चॅटमध्ये लगेच सुरू झालं, बघा, रक्त आलं तरी चालतं, म्हणजे कडक बोलायला हरकत नाही. सर "करुणा महत्त्वाची" एवढं म्हणून पुढच्या स्लाइडवर. अहो पण ते बाळ त्याच्याच मांडीवर होतं ना! रोज सांभाळतोय त्याला, खडा खरंच तोंडात गेलाय हे डोळ्यांनी दिसतंय, आणि डोकं धरायलाही एक हात लागतोय. आपण रस्त्यापलीकडच्या मुलाच्या तोंडात बोट घालायला धावतो आणि वर म्हणतो दया आली. हे माझं मत, कोर्समधलं नाही.

तिसरा रविवार गंडला. चाळीस मिनिटं श्वास आणि बासरी, ध्यानाला माझी ना नाही पण त्यासाठी हा कोर्स लावला नव्हता. वरून एक स्लाइड आली की बुद्ध म्हणाले, बोलण्याआधी तीन चाळण्या लावा, खरं आहे का, गरजेचं आहे का, प्रेमळ आहे का. हेच तीन प्रश्न सॉक्रेटिसच्या नावानेही फॉरवर्ड होत असतात, आणि सुत्तातली, म्हणजे मूळ पाली उपदेशातली, यादी पाचांची आहे, पहिल्या रविवारी याच सरांनी शिकवलेली! माझी बोटं शिवशिवायला लागली. पण सगळ्यांसमोर बोलायची ती वेळ नव्हती. आणि विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या नियमावलीचा, एक नियम नुकताच ऐकला होता, की दुसऱ्या भिक्खूवर आक्षेप घ्यायचा तर आधी त्याची परवानगी मागायची. म्हणून रात्री सरांना पर्सनल मेसेज केला, एक गोष्ट खटकली, सांगू का? दोन दिवसांनी उत्तर आलं, सांगा. सांगितलं.

चौथ्या रविवारी त्यांनी सुरुवातच त्याने केली, "मागच्या वेळी माझी चूक झाली, ते बुद्धवचन म्हणून देऊ नका", स्लाइडही काढून टाकली. कुठलीही सारवासारव नाही, त्यासाठी त्यांना पूर्ण मार्क. आणि मला काय वाटलं? माझं नाव घेतलं नाही याचं वाईट वाटलं! म्हणजे पाचवी अट किती पाळली होती ते कळलंच.

त्याच दिवशी टीका ऐकून घेणाऱ्याची बाजू झाली. सारिपुत्त त्याला दोनच गोष्टी सांगतात, सत्य धर आणि रागावू नकोस. बोलणाऱ्याला पाच, ऐकणाऱ्याला दोन, हे गणित मला फार आवडलं. मग पवारणा. वर्षावासाचे तीन महिने एकत्र राहून झाले की भिक्खू स्वतःहून एकमेकांना म्हणतात, माझ्याबद्दल काही पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल तर दया करून सांगा. त्यावरून जोड्या पाडून आमच्याकडून तसंच करून घेतलं. माझी जोडीदार म्हणाली, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही स्वतःच देता. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. हा एक्सरसाइज पहिल्याच आठवड्यात हवा होता, दर रविवारी हवा होता.

मोठी तक्रार अशी, की सल्ला कधी सोडून द्यायचा हे दोन मिनिटांत उरकलं, आणि माझ्यासारख्यांचा खरा आजार तोच आहे. मज्झिम निकाय या दुसऱ्या पाली संग्रहात किंति सुत्त आहे, त्यात कुणाकडून चूक झाली तर घाई न करता पारखायला सांगितलंय, मला त्रास होईल का, त्याला दुखेल का, तो चिडका आणि हट्टी आहे का, आणि मुख्य म्हणजे मी त्याला त्यातून बाहेर काढू शकेन का. काढता येणार असेल तर थोडा त्रास चालेल, नसेलच येणार तर उपेक्षेला कमी लेखू नका. उपेक्षा म्हणजे मराठीतलं दुर्लक्ष नाही हं, मन समतोल ठेवणं. आणि घोडे शिकवणाऱ्या केसीचा बुद्धांशी झालेला संवाद तर घेतलाच नाही. केसी म्हणतो, कशानेच न वळणारा घोडा मी मारून टाकतो, आणि मग बुद्धांना विचारतो, तुम्ही माणसांचं काय करता? मऊपणे, कडकपणे, दोन्हीने शिकवूनही जो वळत नाही त्याला बुद्ध "मारतात", म्हणजे त्याला सांगणं-शिकवणंच सोडतात. अबोला धरून लोकांना धडा शिकवणारी मी, मला हे वाचून कसंतरीच झालं. एक पूर्ण रविवार यावर हवा होता, बासरीच्या जागी.

एक गंमत राहिली. वेळ बघून बोला हे शिकवणारा कोर्स, आणि फीडबॅक फॉर्म सेशन संपल्याच्या सेकंदाला स्क्रीनवर आदळतो, पाच स्मायली, लिहायला जागा नाही. म्हणून इथे लिहितेय.

बहिणीला परवा विचारलं, नवीन कामाबद्दल एक सुचवू का? ती म्हणाली, नको. मग तिने चाळीस मिनिटं तिच्या नव्या बॉसची नक्कल करून दाखवली.

घ्यायचा असेल तर घ्या, पण रेकॉर्डिंग एकच महिना दिसतं आणि डाउनलोड होत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारच्या नोट्स हातानेच काढा. तिसरा पळवत बघितला तरी चालेल.