नवा डिशवॉशर: आतून शहाणा, बाहेरून आगाऊ

जुना डिशवॉशर अकरा वर्षं चालला, शेवटी पंपाने मान टाकली म्हणून नवा आणला, तोही दारावर "संपूर्ण नवीन डिझाइन" असं मोठ्ठं स्टिकर असलेला. चार महिने रोज एकदा, कधी दोनदा चालवून झालाय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये.

आधी रॅकबद्दल, कारण खरं काम तिथे झालंय. जुन्यात खालच्या रॅकच्या तारा फिक्स होत्या, खोलगट बाऊल ठेवला की तो आडवा व्हायचा आणि बुडात पाणी साठवून बसायचा, यात त्या तारा अर्ध्या भागात झोपवता येतात, मोठं पातेलं सरळ उपडं बसतं. वरचा रॅक भरलेला असताना दोन्ही बाजूंचे खटके दाबून वर-खाली होतो. चमच्यांसाठी सगळ्यात वर तिसरा ट्रे आहे, चमचे सुटे आडवे झोपवायचे, त्यामुळे जुन्या टोपलीत एकमेकांच्या पोटात बसून मधे खरकटं धरून ठेवायचे तो प्रकार बंद. पण या ट्रेने मधल्या रॅकची उंची खाल्लीय, उंच ग्लास आता तिरके ठेवावे लागतात. आणि गंमत म्हणजे 1886 मध्ये जोसेफिन कॉक्रन बाईंनी डिशवॉशरचं पेटंट घेतलं तेव्हा त्यांनीही आधी प्लेटांची मापं घेऊन तारेचे कप्पेच बनवले होते, भांडी जागेवर आणि पाण्याचा मारा त्यांच्यावर. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांनंतरही रॅक नीट केला की मशीन सुधारतं.

धुण्यात पहिल्या दिवशीच जाणवलं ते कोपऱ्यांचं. डबा चौकोनी आणि पाण्याचा फेरा गोल, त्यामुळे जुन्यात कोपऱ्यातली ताटं कायम परत घासावी लागायची. यात मोठ्या स्प्रे आर्मच्या, म्हणजे पाणी फवारणाऱ्या फिरत्या दांडीच्या टोकाला एक छोटी आर्म आहे ती वेगळी गरगर फिरते, कोपऱ्यातली ताटं आता हाताला खरखरीत लागत नाहीत.

इको मोड 3 तास 40 मिनिटं चालतो. हे बघून घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, एवढा वेळ चालतो म्हणजे वीज किती खात असेल वगैरे, पण उलट आहे, वीज जाते मुख्यतः पाणी तापवण्यात, इकोमध्ये पाणी 50 अंशांच्या आसपासच तापवतात आणि बाकीचं काम वेळेवर आणि पावडरमधल्या एन्झाइमवर सोडतात, पाणी साडेनऊ लिटर. घाई असेल तर तासाभराचा 65 अंशांचा आहे, तो जास्त वीज खातो.

एक चूक मी केली. सवयीने भांडी आधी नळाखाली चकाचक विसळून लावत होतो आणि वर ऑटो मोड, तरी एखाद्या भांड्याच्या काठाला चिकटलेला थर तसाच. मग कळलं की ऑटोमध्ये सेन्सर पाणी किती गढूळ झालंय ते बघून पुढचं ठरवतो, पाणी स्वच्छ दिसलं की त्याला वाटतं काम झालं आणि तो आवरतं घेतो. आता फक्त मोठं खरकटं काढतो, बाकी तसंच आत. ग्लासांवर पांढुरकी झाक येत होती ती पाणी जड असल्यामुळे, मशीनमध्ये पाण्याचा जडपणा सेट करून डिशवॉशरचं मीठ भरल्यावर गेली, हे डेमोवाल्याने पहिल्या दिवशीच करून द्यायला हवं होतं.

वाळवण्यासाठी सायकल संपली की दार आपोआप चार बोटं उघडतं आणि वाफ बाहेर जाते, काच आणि स्टील एकदम कोरडं. प्लॅस्टिकचे डबे मात्र अजून ओलेच, कारण प्लॅस्टिक उष्णता धरून ठेवत नाही. पण ही वाफ जाते सरळ ओट्याच्या खालच्या लाकडी पट्टीवर. तिथे चिकटवायची एक फॉइलची पट्टी मशीनसोबत येते, आणि ती आमच्याकडे मॅन्युअलच्या पिशवीत तशीच घडी घालून पडली होती, फिटिंगवाल्याने लावलीच नव्हती, लाकूड फुगायला लागल्यावर महिनाभराने ती फॉइल मला सापडली.

आवाज 44 डेसिबल लिहिलाय, रात्री शेजारच्या खोलीत फक्त पाणी सोडताना कळतं.

आणि आता ते पॅनेल. समोरून दार एकदम कोरं दिसावं म्हणून सगळी बटणं दाराच्या वरच्या काठावर नेलीत, तीही टच. दार लावलं की काही दिसत नाही, किती वेळ राहिला ते बघायचं तर चालू मशीनचं दार उघडा, तोंडावर वाफ घ्या. चालू आहे एवढं सांगायला जमिनीवर एक लाल ठिपका पडतो, बस. स्टार्टला बोट लावल्यावर 4 सेकंदांत दार बंद करायचं, तेवढ्यात एखादा चमचा सरळ करायला गेलात की परत पहिल्यापासून. ओल्या बोटाला टच कळत नाही, पण वरून ठिबकलेला पाण्याचा थेंब मात्र बरोबर कळतो, दोनदा माझा इको बदलून जास्त गरम पाण्याचा इंटेन्सिव्ह झाला आणि पातळ प्लॅस्टिकचं एक झाकण वाकडं होऊन बाहेर आलं. अर्ध्या लोडची सायकल पाहिजे तर ॲप डाउनलोड करा, अकाउंट काढा, वायफाय जोडा. जुन्याला एक गोल खटका होता, अंधारात पण फिरवता यायचा.

तक्रार केली तर सर्व्हिसवाला शांतपणे म्हणाला, "सर, चाइल्ड लॉक लावून ठेवा ना." लावलाय. घरात सगळ्यात लहान मीच आहे, वय 41.