अडकलेला पीएम किसानचा हप्ता आणि स्टँडामागचं सेवा केंद्र : पाचपैकी चार तारे

एक तारा आधीच कापून टाकते. झेरॉक्सला पानामागे पाच रुपये घेतात, समोरच्या स्टेशनरीवाल्याकडे दोन. तिथून काढून आणली तरी काही म्हणत नाहीत, पण दर तो दरच. बाकी कामात नाव ठेवायला जागा नाही.

आमचं प्रकरण जरा वाकडं होतं. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार सासऱ्यांच्या नावावर यायचे. ते वारले, हप्ता बंद झाला, व्हायलाच पाहिजे. वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर सासूबाईंचं (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) आणि ह्यांचं नाव लागलं, तरी आत्यांची नवी नोंदणी कुणी करून देईना. दुसऱ्या एका केंद्रात तर फेरफारावरची, म्हणजे जमिनीवर नाव बदलल्याच्या नोंदीवरची, तारीख बघूनच कागद परत ढकलले, "२०१९ नंतर नावावर आलेली जमीन चालत नाही." स्टँडामागच्या पोरानं फेरफार शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाला, "आजी, १ फेब्रुवारी २०१९ ची अट खरेदीच्या जमिनीला. वारसानं आली असली तर लागत नाही." सासऱ्यांच्या नावाचा जुना फेरफार, वारसाचा फेरफार, मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, आधार, सगळं एकाच वेळी कागदावर लिहून दिलं. ‘आता हे आणा, आता ते आणा’ नाही.

मी विचारलं, सातबाऱ्यावर ह्यांचंही नाव आहे, त्यांचाही अर्ज टाकायचा का? हे पुण्यात नोकरीला, आयकर भरतात. तो म्हणाला, "टाकू नका वहिनी. आयकरवाल्यांना बसत नाही, नंतर वसुलीची नोटीस येते." त्याचा एका अर्जाचा धंदा बुडाला, तरी सांगितलं.

मग ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. खुरपं धरून धरून आत्यांच्या बोटांवर रेषाच उरल्या नाहीत, अंगठा काही उठेना. दहाही बोटं करून झाली. शेवटी त्यानं मोबाईलवर चेहरा दाखवून केवायसी केली. भिंतीवर दरपत्रक आहे, त्यात अंगठ्याच्या केवायसीला पंधरा रुपये लिहिलेत आणि तेवढेच घेतात.

अर्ज तालुका, जिल्हा, राज्य असा वर सरकत गेला नि मंजूर झाला. हप्ता पडला म्हणून मेसेज आला, पासबुकात मात्र काही नाही! बँकेत म्हणाले, आमच्याकडे आलेच नाहीत. केंद्रातल्या पोरानं स्क्रीन आमच्याकडे वळवून एकेक ओळ दाखवली: जमिनीची नोंद जुळली, केवायसी झाली, आधार बँकेला जोडलेलं आहे, पण भलत्याच बँकेला. हे पैसे अर्जातल्या खाते नंबरावर जात नाहीत, आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं तिथे जातात. गॅसच्या सबसिडीसाठी कधीतरी उघडलेलं खातं आत्या विसरूनही गेल्या होत्या. दोन हजार तिथे सुखरूप होते. हे समजावण्याचे त्यानं पैसे घेतले नाहीत.

राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा वेगळा अर्ज भरावा लागत नाही, हेही इथेच कळलं. पीएम किसानच्या यादीवरूनच ते पैसे येतात. आमच्याकडे त्याचा ‘फॉर्म’ म्हणून शंभर-शंभर रुपये उकळणारे फिरतात, त्यांना देऊ नका.

बसायला दोनच खुर्च्या, त्यातल्या एकीवर कायम प्रिंटरचा खोका. म्हातारं माणूस सोबत असेल तर बाजारच्या दिवशी जाऊ नका, आणि हप्ता जाहीर झाल्यावर तर नकोच. सगळा तालुका तिथेच उभा असतो. आधारला जोडलेला मोबाईल चालू आहे ना ते घरीच बघून निघा. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, पण मागितली की देतात.