बंदी, करार की कायदा? ब्रिस्टल बेच्या सॅल्मनचे संरक्षण कशाने टिकेल

अलास्काच्या नैऋत्येला ब्रिस्टल बेला मिळणाऱ्या नद्यांमध्ये जगातील नैसर्गिक सॉकाय सॅल्मनपैकी जवळपास निम्मे मासे जन्मतात. २०२२ च्या हंगामात त्यांची संख्या सुमारे ७.९ कोटींवर गेली होती. यांतील दोन प्रमुख नद्यांच्या उगमापाशी पेबल हा तांबे, सोने आणि मॉलिब्डेनमचा प्रचंड साठा आहे आणि तो काढण्यासाठी तिथे खुल्या खाणीचा आराखडा मांडला गेला आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी वाचकाला या पाण्यासाठी देणगी द्यायची आहे किंवा आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहायचे आहे, त्याच्यापुढे तीन मार्ग आहेत. त्यांतला कोणता अधिक कडक आहे यापेक्षा तो कोण आणि किती सहज मोडू शकतो हे आधी पाहावे, कारण खनिज काही जागचे हलणार नाही.

धोका नेमका कुठे आहे, हेही लक्षात घ्यायला हवे. सॅल्मनची मादी शेपटीने खडी उकरून अंडी घालते आणि ती पुन्हा खडीने झाकते. पुढे सारा हिवाळा ती अंडी खडीतून झिरपणाऱ्या पाण्यावर जगतात. खुली खाण कोरडी ठेवण्यासाठी भूजल सतत उपसावे लागते आणि हाच झिरपा तुटतो. पाण्यातील तांबे दर लिटरमागे काही मायक्रोग्रॅमने वाढले, तरी माशाचे घ्राणेंद्रिय मंदावते, आणि जन्माचा ओढा तो वासावरूनच ओळखतो. शिवाय या खनिजात तांबे अर्धा टक्काही नसल्यामुळे दळलेला जवळजवळ सगळा खडक गाळ होऊन बंधाऱ्याआड कायमचा राहतो. कॅनडातील माउंट पॉली खाणीचा असा बंधारा ४ ऑगस्ट २०१४ रोजी फुटला आणि सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी व गाळ खालच्या ओढ्या-तलावांत गेला.

पहिला मार्ग ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या बंदीचा. खाणीच्या आराखड्यामुळे सुमारे १०० मैलांचे ओढे आणि २,१०० एकरांहून अधिक पाणथळ जागा नष्ट होतील, असे ठरवून संस्थेने स्वच्छ पाणी कायद्याखाली जानेवारी २०२३ मध्ये तेथे भराव टाकण्यास मनाई केली. ही मनाई थेट साठ्यावरच लागू होते, हे तिचे बळ. मात्र २०१४ मध्ये मांडलेला असाच प्रस्ताव २०१९ मध्ये, सरकार बदलल्यानंतर, मागे घेण्यात आला होता. अंतिम निर्णय उलटवणे प्रस्ताव मागे घेण्याइतके सोपे नसले, तरी त्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहेच.

दुसरा मार्ग जमिनीच्या संवर्धन कराराचा. इलियाम्ना तलावाकाठच्या पेड्रो बे या मूलनिवासी गावाच्या महामंडळाने २०२२ मध्ये आपल्या ४४,००० एकरांहून अधिक जमिनीवर कायमचे विकास-निर्बंध स्वीकारले आणि खाणीचा नियोजित उत्तरेकडचा रस्ता अडला. मालकाने स्वतःहून केलेला हा करार निवडणुकीच्या निकालाने बदलत नाही. साठ्याची जमीन मात्र राज्याच्या मालकीची आहे आणि पूर्वीच्या आराखड्यात तलाव फेरीबोटीने ओलांडण्याचा पर्यायही होता. म्हणजे वाट अडली, खाण नव्हे.

तिसरा मार्ग कायद्याचा. अलास्काच्या मतदारांनी २०१४ मध्ये सुमारे ६५ टक्के मतांनी येथील मोठ्या धातुखाणींना विधिमंडळाची मंजुरी सक्तीची केली. पण विधिमंडळाच्या मंजुरीवर टेकलेले संरक्षण विधिमंडळाइतकेच खंबीर असते. केंद्रात काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, कायदा होणे सर्वांत अवघड, आणि नेमके म्हणूनच झालेला कायदा उलटवणेही अवघड.

तांबे मग कुठून आणायचे, हा प्रश्न खोटा नाही. तलावाकाठच्या काही गावकऱ्यांना रोजगारासाठी खाण हवी आहे. तरीही माझ्या मते देणगी जमिनीच्या करारांना द्यावी, कारण तिथे पैशाने ठोस काही घडते. पत्र मात्र काँग्रेसच्या कायद्यासाठी लिहावे आणि त्यात संपूर्ण पाणलोटाची मागणी स्पष्ट करावी. ईपीएची मर्यादा केवळ ३०९ चौरस मैलांवर आणि फक्त पेबलच्या साठ्यापुरती आहे. त्याच नद्यांच्या खोऱ्यातील इतर खाणपट्ट्यांना ती लागू होत नाही.