कोरडवाहू रानात देशी कपाशी की बीटी संकरित?

बियाणं: बीटी संकरित (बोंडअळी मारणारं प्रथिन झाडातच तयार होतं असं, दोन वाणांच्या संकराचं बियाणं) दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. घरचं धरलं तर पुढच्या पिढीत झाडं सारखी येत नाहीत. 2024 मध्ये 475 ग्रॅमच्या पाकिटाचा सरकारी कमाल दर 864 रुपये होता. देशी सरळ (संकर नसलेल्या) वाणाची निरोगी बोंडं वेगळी वेचून, सरकी काढून पुढच्या हंगामाला वापरता येते.

कीड: खरा फरक इथे आहे. बीटीचं प्रथिन फक्त बोंडअळीसाठी. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना ते लागू पडत नाही, म्हणून फवारणी सुटत नाही. शिवाय गुलाबी बोंडअळी आता बीजी-2 लाही (दोन प्रथिनांच्या बीटीलाही) दाद देत नाही. देशी वाण रसशोषक किडींना बरंच सोसतं, पण बोंडअळीवर लक्ष ठेवावंच लागतं.

पाण्याचा ताण: देशीचं मूळ खोल जातं, ते टिकतं.

वेचणी आणि भाव: देशीची बोंडं लहान. वेचणी लांबली की कापूस गळून मातीत पडतो. धागा आखूड म्हणून व्यापारी भाव पाडतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे लांब धाग्याचे देशी वाण त्यावर चांगला उपाय आहेत.

ओलित, भारी जमीन असेल तर बीटी घ्या आणि फरदड (वेचणी संपल्यावर तेच पीक पुढे राखणं) ठेवू नका. हलकी जमीन, हाती पैसा कमी, घरची माणसं वेचणीला असतील तर देशी.