ट्रेडमार्क की चेकसम: भेसळीच्या इन्स्टॉलरवर उतारा कोणता?

मुक्त सॉफ्टवेअर डाउनलोडसाठी ठेवणाऱ्या सोर्सफोर्ज या संकेतस्थळाने २०१५ च्या मे महिन्यात जिंप या चित्रसंपादन सॉफ्टवेअरच्या विंडोजवरील इन्स्टॉलरला जाहिरातींचे वेष्टन चढवले, तेव्हा जिंपच्या जीपीएल या मुक्त परवान्याचा फारसा आधार नव्हता. तो तर फेरवाटपाची मुभाच देतो. अशा वेळी ट्रेडमार्कचा मार्ग उरतो: कोड कोणीही वाटावा, पण मूळ नाव व चिन्ह लावून भेसळ खपवू नये, असे प्रकल्पाला बजावता येते, मात्र वकील आणि परदेशी न्यायालये यांचा खर्च स्वयंसेवकांना सहसा झेपत नाही. चेकसम, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा ठसा, फुकट असतो. उतरवलेल्या फाइलवरून एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेली ६४ अक्षरे प्रकल्पाच्या संकेतस्थळावरील अक्षरांशी ताडली, की एका बाइटचा फेरफारही उघडा पडतो. पण ताडणार कोण? डोळे झाकून ‘नेक्स्ट’ दाबणारा नक्कीच नाही, आणि फसतो नेमका तोच. म्हणून खर्चिक असूनही मला ट्रेडमार्कच अधिक उपयोगी वाटतो.